नोएडाचे जोडमनोरे नेमके कोणी पाडले?

२८ ऑगस्ट २०२२, रविवार. दुपारी अडीचच्या सुमारास नोएडाच्या सेक्टर ९३-अ मधील दोन इमारती दहा-बारा सेकंदांत जमीनदोस्त झाल्या. एपेक्सची उंची १०३ मीटर, सियानची ९७ मीटर. दोन्ही कुतुबमिनारापेक्षा उंच. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहणाऱ्यांचे डोळे धुळीच्या लोटावर खिळले होते. त्या कामाशी संबंधित अभियंत्यांना मात्र त्या लोटाआडच्या एका वेगळ्याच इमारतीची चिंता होती. एमराल्ड कोर्ट वसाहतीतील ही रहिवासी इमारत सियानपासून अवघ्या नऊ मीटरवर होती. धूळ खाली बसली तेव्हा ती जागच्या जागी उभी होती.

दोन्ही इमारती प्रबलित काँक्रीटच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘आरसीसी’च्या. दोन्हींचे सांगाडे कॉलम, बीम आणि स्लॅब यांनीच बांधलेले. ३,७०० किलो स्फोटके एका सांगाड्याचा ढिगारा करतात आणि नऊ मीटरवरचा दुसरा सांगाडा उभा राहतो, याचे उत्तर स्फोटकांच्या वजनात सापडत नाही. ते शोधण्यासाठी अर्धशतक मागे जावे लागते. लंडन, मुंबई आणि ओक्लाहोमा सिटी असा फेरा घालून पुन्हा नोएडाला यावे लागते.

तत्पूर्वी त्या नऊ मीटरांची हकीकत. एमराल्ड कोर्टच्या आवारात आराखडे बदलून हे दोन मनोरे उभे राहू लागले, तेव्हा तेथील रहिवासी २०१२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने मनोरे पाडण्याचा आदेश दिला. सुपरटेक ही विकसक कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने तो आदेश कायम केला. दोन इमारतींमध्ये नियमानुसार सोळा मीटर अंतर हवे होते, प्रत्यक्षात ते नऊच होते, हा निकालातील एक प्रमुख मुद्दा. पाडकामाचा खर्च विकसकाने करायचा आणि देखरेख रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ठेवायची, असे ठरले. ज्या नऊ मीटरांमुळे बांधकाम बेकायदा ठरले, त्याच नऊ मीटरांनी ते पाडणे अवघड करून ठेवले होते.

स्फोट आणि इमारत यांचा संबंध समजून घेताना पहिली गोष्ट लक्षात घ्यावी लागते ती वेळेची. मोकळ्या हवेत स्फोट झाला की दाबाची एक लाट निघते. ती भिंतीवर आदळते, दाब एकदम शिखरावर जातो आणि काही मिलिसेकंदांत ओसरतो. पापणी लवायलाही यापेक्षा कित्येक पट अधिक वेळ लागतो. याउलट शंभर मीटर उंचीचा काँक्रीटचा सांगाडा स्वभावतः संथ असतो. भूकंपाच्या भारतीय मानकातील नेहमीचे सूत्र वापरले, तर १०३ मीटर उंचीच्या सांगाड्याला एक झोका पूर्ण करायला सुमारे अडीच सेकंद लागतात. म्हणजे इमारतीला आपल्याला धक्का बसला आहे हे ‘कळण्या’च्या आतच धक्का संपलेला असतो. वाऱ्याने वा भूकंपाने जशी अख्खी इमारत डुलते, तशी ती स्फोटाने सहसा डुलत नाही. फटका बसतो तो सुट्या अवयवांना. स्फोटासमोरची भिंत फुटते, जवळचा कॉलम तुटतो, स्लॅब खालच्या दाबाने वर उचलला जातो. काही क्षण बाकीचा सांगाडा तसाच असतो. खरा प्रश्न यानंतरचा आहे. जो कॉलम गेला, त्याच्यावरचा भार आता कोठे जाणार?

हा प्रश्न जगाने गांभीर्याने घेतला तो १९६८ मध्ये. त्या वर्षी १६ मे रोजी पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर स्वयंपाकाच्या गॅसचा स्फोट झाला. स्फोट तसा किरकोळ. पण इमारत कारखान्यात ओतून आणलेल्या काँक्रीटच्या पडद्यांची होती, आणि ते पडदे पत्त्यांच्या घरासारखे एकमेकांवर टेकलेले होते. कोपऱ्यातील भिंत बाहेर फेकली गेली. तिच्या आधारावरचे वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या माराने खालचे मजलेही कोसळले. इमारतीचा तो कोपरा वरपासून खालपर्यंत नाहीसा झाला. चौघांचा मृत्यू झाला. एका ठिकाणचे नुकसान साखळीसारखे पसरत जाऊन मूळ कारणाच्या तुलनेत कितीतरी मोठे होऊ शकते, हे अभियंत्यांना तेथे प्रथमच इतक्या लखलखीतपणे दिसले.

योगायोग असा की त्याच १९६८ साली दिल्लीत भारतीय मानक संस्थेने जमिनीवरील स्फोटांना तोंड देणाऱ्या बांधकामांसाठी आयएस ४९९१ हे मानक प्रसिद्ध केले. एक टन स्फोटक अमुक अंतरावर फुटले तर भिंतीवर किती दाब पडेल आणि तो किती मिलिसेकंद टिकेल, याचे कोष्टक त्यात आहे. स्फोटक कमी-अधिक असेल तर घनमुळाचा नियम वापरायचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात बर्ट्रम हॉपकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने आणि पुढे जर्मनीत कार्ल क्रान्झ यांनी मांडलेला हा नियम सोपा आहे. स्फोटक आठपट केले, तर तितकाच दाब दुप्पट अंतरावर जाणवतो; आठपट अंतरावर नव्हे. स्फोटापासून बचावाचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अंतर, हे यातूनच निघते. नोएडात नेमके तेच उपलब्ध नव्हते.

पण कोष्टक दाब सांगते. कॉलम गेल्यावर सांगाडा काय करील, हे कोष्टकाला ठाऊक नसते. ते १९९३ च्या मुंबईने दाखवले. १२ मार्चला दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजाराच्या उंच इमारतीच्या तळघरातील वाहनतळावर आरडीएक्स भरलेली मोटार फुटली. त्या दिवशीच्या साखळी स्फोटांत शहरात २५७ माणसे गेली, आणि त्या मालिकेतील हा पहिला स्फोट. तळघरासारख्या बंदिस्त जागेत वायूंना बाहेर पडायला वाट नसते. दाब लवकर ओसरत नाही आणि भिंतींवरून परतून पुन्हा पुन्हा आदळतो. नुकसान भीषण होते. तरी वरचे मजले खाली आले नाहीत. अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी, २६ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या तळघरातही वाहनात ठेवलेला बॉम्ब फुटला होता. तळघराच्या अनेक स्लॅबना भगदाड पडूनही तो पोलादी मनोरा उभा राहिला होता.

याची दुसरी बाजू दोन वर्षांनी दिसली. १९ एप्रिल १९९५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीत आल्फ्रेड मरा या नऊ मजली सरकारी इमारतीसमोर स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवण्यात आला. इमारत काँक्रीटच्या चौकटीची, सत्तरच्या दशकातील नियमांनुसार व्यवस्थित बांधलेली. मात्र दर्शनी बाजूला तळाशी ऐसपैस जागा हवी म्हणून तेथील कॉलम विरळ ठेवले होते. वरच्या मजल्यांचे दर दोनपैकी एक कॉलम जमिनीपर्यंत पोहोचतच नव्हते. ते तिसऱ्या मजल्याच्या एका दणकट आडव्या तुळईवर थांबत होते. स्फोटाने ट्रकजवळचा एक कॉलम थेट चिरडला, शेजारचे दोन मोडले, ती तुळई निराधार झाली आणि तिच्यासोबत जवळजवळ अर्धी इमारत खाली आली. १६८ माणसे मरण पावली. त्यांतील बहुतेकांचा बळी प्रत्यक्ष स्फोटाने नव्हे, तर पडझडीने घेतला. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या तपास अहवालात एक निरीक्षण होते, आणि भारतीय वाचकाने थबकावे ते तेथे: हीच इमारत भूकंपप्रवण भागातील नियमांनुसार सळ्या घालून बांधली असती, तर कोसळलेला भाग निम्म्याहून अधिक कमी झाला असता.

भूकंपाचा आणि बॉम्बचा काय संबंध? संबंध सळ्यांमध्ये आहे. काँक्रीट दाबाला बळकट, ताणाला दुबळे. त्याची ताण सोसण्याची शक्ती दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी. म्हणून जेथे ताण येईल तेथे सळई. बीम दोन कॉलमवर टेकलेला असेल, तर मधोमध त्याच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि कॉलमपाशी वरच्या अंगाला. खर्च वाचवणारा कंत्राटदार कॉलमपाशी वर भरपूर सळ्या घालील आणि खालच्या सळ्या तेथे नाममात्र ठेवील. नेहमीच्या दिवसांत त्यात काही बिघडत नाही. आता मधला कॉलम उडाला अशी कल्पना करावी. दोन बीमचा मिळून दुप्पट लांबीचा एक बीम झाला. लांबी दुप्पट, तर वाकवणारा जोर चौपट. शिवाय जेथे कॉलम होता तेथे ताण वरून खाली सरकला, आणि खाली सळई जवळपास नाहीच. बीम तेथेच फाटतो.

भूकंपात इमारत डावी-उजवीकडे हेलकावते, तेव्हाही कॉलमपाशी ताण क्षणात वर, क्षणात खाली येतो. म्हणूनच भूकंपरोधक मानक खालच्या सळ्या कॉलममधून सलग न्यायला सांगते आणि सांध्यापाशी वरच्याच्या निम्म्या तरी सळ्या खाली हव्यात, अशी अट घालते. कॉलमभोवतीच्या रिंगा दाट हव्यात आणि त्यांची टोके १३५ अंशांत आत वळवलेली हवीत, हाही त्यातलाच नियम. नव्वद अंशांत वळवलेली रिंग बाहेरचे काँक्रीट निखळताच उलगडते. आत वळवलेली रिंग गाभ्याला धरून ठेवते. बांधकामावर बारबेंडरला हे वळण कंटाळवाणे वाटते, कारण त्याला वेळ लागतो. भारतात हे सारे आयएस १३९२० या स्वतंत्र मानकात आले तेही १९९३ मध्येच. ज्या वर्षाच्या मार्चमध्ये मुंबई हादरली आणि सप्टेंबरमध्ये किल्लारी. किल्लारीची घरे दगडमातीची होती, त्यांचा या मानकाशी संबंध नव्हता. पण पुढच्या पिढीतील शहरी इमारतींच्या सळ्या या मानकाने बदलल्या. दिल्ली आणि नोएडा भूकंपाच्या चौथ्या विभागात मोडत असल्याने तेथे ते बंधनकारकच होते.

नोएडाची कहाणी येथून वेगळ्या रंगात दिसू लागते. पाडकामाचे कंत्राट मुंबईच्या एडिफिस इंजिनीअरिंगला मिळाले. सोबत होती दक्षिण आफ्रिकेची जेट डिमॉलिशन. या दोघांनी जानेवारी २०२० मध्ये कोचीजवळच्या मराडू येथील बेकायदा इमारतींपैकी तीन स्फोटाने पाडल्या होत्या. जोहान्सबर्गमध्ये १०८ मीटर उंचीची बँक ऑफ लिस्बनची इमारत पाडण्याचा अनुभवही जेटच्या गाठीशी होता. नोएडासाठी २२ मे २०२२ ही तारीख मुक्रर झाली. १० एप्रिलला चाचणी म्हणून तळघरातील आणि वरच्या एका मजल्यावरील मोजके कॉलम उडवून पाहिले गेले. निष्कर्ष अडचणीचा निघाला: सांगाडा अपेक्षेपेक्षा अधिक मजबूत होता. स्फोटकांचे गणित नव्याने मांडावे लागले, सर्वोच्च न्यायालयाकडे मुदतवाढ मागावी लागली आणि ती २८ ऑगस्टपर्यंत मिळाली. मंजुरी बेकायदा असली तरी सळया खोट्या नव्हत्या. रहिवाशांना आणखी तीन महिने त्या मनोऱ्यांच्या सावलीत काढावे लागले.

या कामाची दिशा ओक्लाहोमाच्या नेमकी उलट होती. तेथे प्रश्न असतो, एक कॉलम गेल्यावर भाराला दुसरी वाट मिळावी कशी? येथे प्रश्न होता, भाराला एकही वाट उरू नये कशी? म्हणून आधी खिडक्या, दारे, विटांच्या भिंती काढून केवळ सांगाडा शिल्लक ठेवला गेला. मग कॉलममध्ये आणि काँक्रीटच्या भिंतींमध्ये सुमारे ९,६०० छिद्रे पाडण्यात आली. हरियाणातील पलवलहून रोज थोडी थोडी स्फोटके आणून ऑगस्टच्या मध्यापासून ती भरली जात होती. प्रत्येक मनोऱ्याचे दहा-अकरा मजले मुख्य स्फोटाचे होते. तेथे सगळे कॉलम भरले होते. आणखी काही मजल्यांवर निम्म्याहून थोडे अधिक.

कॉलमच्या पोटात ठेवलेले स्फोटक आणि बाहेर फुटलेला बॉम्ब यांची कामाची रीत वेगळी. छिद्रात स्फोट झाला की दाबाची लाट काँक्रीटमधून बाहेरच्या पृष्ठभागाकडे धावते. तेथे पुढे हवाच असल्याने ती परत फिरते आणि फिरताना दाबाची ताण होते. ताणाला दुबळे असलेले काँक्रीट आतून थरांनी निखळू लागते. मागोमाग तापलेले वायू भेगांत घुसून त्या रुंदावतात. सळ्या तुटत नाहीत. क्षणभर कॉलमच्या जागी सळ्यांचा रिकामा पिंजरा उभा असतो. पण काँक्रीटचा गाभा नसलेली सळई वरच्या मजल्यांच्या ओझ्याखाली उदबत्तीच्या काडीसारखी वाकते. पिंजरा बसतो, आणि इमारत खाली येऊ लागते.

खाली आणते ते गुरुत्वाकर्षण. आकडे मांडून पाहण्यासारखे आहेत. दोन्ही मनोऱ्यांचा मलबा सुमारे ८० हजार टन असेल, असा अंदाज होता. एवढे वजन सरासरी पंचेचाळीस मीटर खाली आले असे धरले, तर मुक्त होणारी ऊर्जा साडेतीन हजार कोटी ज्यूलच्या आसपास जाते. ३,७०० किलो औद्योगिक स्फोटकांची रासायनिक ऊर्जा ढोबळमानाने हजार ते दीड हजार कोटी ज्यूल. म्हणजे इमारत पाडण्याचे, तिचा चुरा करण्याचे मोठे काम इमारतीच्या स्वतःच्या वजनाने केले. बांधताना क्रेनने जी ऊर्जा मजल्यामजल्याने वर चढवली होती, तीच काही सेकंदांत परत मिळाली. स्फोटकांनी फक्त दार उघडले.

ते दार एकदम उघडायचे नसते. सगळी स्फोटके एकाच क्षणी उडवली असती, तर नऊ मीटरवरच्या कुटुंबांना घरी परतता आले नसते. जमिनीतील कंपन एका क्षणी किती स्फोटक उडते यावर अवलंबून असते, एकूण साठ्यावर नव्हे. म्हणून विलंबाने पेटणाऱ्या डिटोनेटरांनी स्फोटांची माळ काही सेकंदांत पसरवली होती. याने दुसराही हेतू साधला. कोणता कॉलम आधी आणि कोणता नंतर, यावर सांगाडा कोणीकडे झुकेल हे ठरते. धबधब्यासारखे मजले आतल्या आत ओघळावेत, मलबा तळघरात आणि स्वतःच्याच पायाशी साठावा, अशी ती क्रमवारी होती. १०३ मीटरवरून सोडलेला दगड साडेचार सेकंदांत जमिनीवर येतो. मनोऱ्याला त्याहून अधिक वेळ लागला, कारण प्रत्येक मजला खालच्या मजल्याला मोडत, अडखळत उतरला. हे अडखळणेच शेजाऱ्याचे संरक्षण होते. ८० हजार टन एका दणक्यात जमिनीवर आदळले नाहीत.

उरले उडणारे तुकडे. त्यासाठी भरलेला प्रत्येक कॉलम तारेच्या जाळीत आणि जिओटेक्स्टाइल कापडात गुंडाळला होता, मजल्यांच्या कडांना पडदे होते, आणि शेजारच्या इमारतीलाही कापडाचे आवरण घातले होते. जमिनीखालून गेलची गॅसवाहिनी जात होती. तिच्यावरही संरक्षण घातले गेले. त्या दिवशी सकाळी एमराल्ड कोर्ट आणि लगतच्या एटीएस व्हिलेजमधील सुमारे पाच हजार लोकांनी घरे रिकामी केली. द्रुतगती मार्ग थोडा वेळ बंद राहिला. चेतन दत्ता यांनी बटण दाबले. एटीएस व्हिलेजच्या कुंपणभिंतीचा सुमारे दहा मीटरचा भाग पडला, काही खिडक्यांच्या काचा फुटल्या. एमराल्ड कोर्टच्या सांगाड्याला इजा झाली नाही. हवेच्या लाटेचा बहुतांश जोर छिद्रांतच जिरला होता, आणि जो बाहेर आला तो काही मिलिसेकंदांचा. रुरकीच्या शास्त्रज्ञांनी आसपास कंपनमापक बसवले होते. दाट वस्तीत, चौथ्या भूकंप विभागात, इतक्या उंच सांगाड्याच्या पडण्याची अशी मोजणी देशात याआधी झाली नव्हती.

बरोबर पाच आठवड्यांनी, २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री एकच्या सुमारास, पुण्याच्या चांदणी चौकातील जुना पूल पाडण्यासाठी सुमारे ६०० किलो स्फोटके उडवण्यात आली. नोएडाचे यश ताजे होते, पुणेकर रस्त्याकडेला गर्दी करून बसले होते. धूळ विरली तेव्हा पूल पूर्ण पडलेला नव्हता. काँक्रीट झडले होते, आतल्या सळ्यांचे जाळे लोंबकळत राहिले होते. अपेक्षेपेक्षा सळ्या जास्त निघाल्या, असे स्पष्टीकरण देण्यात आले. शंभर मीटर उंचीच्या मनोऱ्याला स्वतःला मोडायला पुरेसे वजन होते. बुटक्या पुलाकडे ते नव्हते. मग पोकलेन आणि ब्रेकर लावून उरलेला पूल रातोरात पाडला गेला, आणि सकाळी वाहने पुन्हा सुरू झाली.